स्वर्ग-नरकाच्या पटावरचं हिरवं ठिगळ

मास्तर, आधी एक गोष्ट उरकून घेतो. तीस वर्षं तुला 'तुम्ही' म्हटलं. तुला मातीआड करून आज आठ दिवस झाले, तेव्हा आजपासून 'तू'. देवाला आणि मेलेल्याला आम्ही अरे-तुरेच करतो. तू त्यातला कोण, हे सांगायची गरज नाही; उगाच हुरळू नकोस.

तुझ्या दफनाला गर्दी झाली म्हणतात. खोटं आहे. निम्मे लोक तू खरंच गेलास का ते बघायला आले होते, आणि उरलेले बाजाराला आलेले, वाटेत तू लागलास. नवे पाळकसाहेब तर इतकं गोड बोलले की मुंग्या लागाव्यात. म्हणाले, "आपले बंधू या घटकेला सोन्याच्या रस्त्यावरून चालत आहेत." मी मागं उभा होतो. मला हसू आवरेना. तुझ्या टाचांच्या भेगांत चिमणीनं घरटं केलं असतं, आणि तू सोन्याच्या रस्त्यावर! पहिल्या पावलालाच तिथल्या झाडूवाल्यानं हटकलं असेल.

तू नगरकडचा. आमच्या खांडबाऱ्यात आगगाडी नवी नवी होती तेव्हा मिशननं तुला उपदेशक म्हणून धाडलं. एक पत्र्याची पेटी, एक छत्री, आणि बांबूला गुंडाळलेला तो कापडी पट. फलाटावर उतरल्या उतरल्या तू भजन सुरू केलंस. तुझ्या आवाजानं इंजिन बुजलं आणि उलटं नवापूरपर्यंत गेलं. त्याला परत ओढून आणायला दोन बैलजोड्या लागल्या. लोक म्हणतात, दगा शिंपी वाढवून सांगतो. बरं, एकच जोडी लागली असेल.

माझं मशीन मारवाडी शेठच्या ओट्यावर, आणि ओट्यासमोरच्या चिंचेला बाजाराच्या दिवशी तुझा पट लटकायचा. काय तो पट! नंदुरबारच्या ज्या पेंटरनं रंगवला, तो तमाशाचे पडदे रंगवणारा. डावीकडं रुंद रस्ता: त्यावर दारूचा गुत्ता, जुगारी, नाचणारी बाई, आणि शेवटी नरक. ती बाई त्यानं इतकी मन लावून काढली होती की निम्मा बाजार तिथंच अडायचा. उजवीकडं अरुंद रस्ता, त्याच्या टोकाला स्वर्ग. बिचाऱ्यानं मोठी इमारत म्हणून फक्त कलेक्टराचा बंगला पाहिलेला, म्हणून स्वर्गाच्या दाराशी पट्टेवाला उभा. नरकाची आग मात्र अशी लाल की खालून जाणाऱ्या कोंबडीनं उकडलेलं अंडं घातलं. मी स्वतः खाल्लंय. मीठ कमी होतं.

आणि मधे काय? मधे काही नाही. कोरं कापड. तू छत्रीच्या टोकानं तिथं टकटक करून ओरडायचास, "मधे मुक्काम नाही! मेला माणूस एक तर इकडं, नाही तर तिकडं! शास्त्रात तिसरी जागा नाही!" जसा काही देवानं नकाशा आखताना तुझ्याकडून दोरी धरून घेतली होती.

तरी मी तुझ्या नादी लागलो. जातीनं मला बाहेर काढलं, तू पाण्यात बुडवून माझा दावीद केलास. माझी बायको ठगूबाईही बाप्तिस्म्याच्या वर्गात बसू लागली. सहा महिने ती हिरवं लुगडं नेसून पहिल्या ओळीत. प्रभूची प्रार्थना, दहा आज्ञा, सगळं तिला माझ्याआधी पाठ. मी अजून सातव्या-आठव्या आज्ञेत अडखळतो, पण त्याला इतर कारणं आहेत.

शेवटच्या दिवशी तू परीक्षा घेतलीस. आठवतं? नसेल, तर मी आठवण करून देतो. मला विसरायला जमलेलं नाही.

"ठगूबाई, प्रभूवर विश्वास न ठेवता जे मेले, ते कुठं आहेत?"

"माले काय माहीत, मास्तर."

"पटावर बघा. शिकवलंय मी."

तिनं डावीकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. म्हणाली, "मन्ही माय तठे नही."

"बाई, शास्त्र असं सांगतं..."

"शास्त्रले मन्ही माय माहीत शे का? दुष्काळमा सोता उपाशी ऱ्हाईसन सात पोरं जगाडी तिनी. ती आगमा नही. ज्यानी हाई चित्र काढं, त्याले इचारा, त्यानी मन्ही मायले देखं का?"

सगळा वर्ग हसला. तू हसला नाहीस. पेन्सिल थुंकीनं ओली करून तू तिच्या नावावर रेघ ओढलीस आणि म्हणालास, "पुढच्या नाताळाला बघू."

मोठ्या लढाईच्या शेवटी तापाची साथ आली, त्यात नाताळाला दीड महिना असताना ठगू गेली. तू दारात आलास, पागोटं हातात घेऊन. मी म्हटलं, मास्तर, तिच्यासाठी चार शब्द म्हणा. देवाला सांगा, पोरगी चांगली होती, तोंडानं जरा तिखट होती. तू काय म्हणालास? "दावीद, मेलेल्यांसाठी प्रार्थना आपल्यात नाही. तिचा निकाल झाला."

निकाल! कोर्टाच्या नाझरानं हुकमाचा कागद द्यावा तसा तू तो शब्द माझ्या हातात दिलास. तिला मिशनच्या स्मशानात घेतलं नाही. काटेरी कुंपणाच्या बाहेर, साडेतीन हात जागेत तिला पुरलं. तू कुंपणाच्या आत उभा राहिलास, छत्री उघडून. पाऊस नव्हता, ऊन नव्हतं. ती छत्री कोणावर धरली होतीस, हे तुला अजून विचारायचं राहिलंय.

त्यानंतर आपलं भांडण सुरू झालं, आणि त्याला दारूगोळा पुरवला मिंगेलनं. मिंगेल हा मालगाडीवरचा गोव्याचा फायरमन, रोमन पंथाचा. गाडी पाण्याला थांबली की तो माझ्या ओट्यावर येऊन बिडी ओढायचा. दिवसभर भट्टीत कोळसा मारणारा माणूस. आगीतलं त्याला कळणार नाही तर काय तुला?

"सीधा ऊपर कोण जातो रे दगा? संत लोक," तो म्हणाला. "बाकीचे मध्ये थांबतात. शुद्धिस्थान बोलतात त्याला. तिथं पण आग हाय, पण जाळायला नाय, साफ करायला. आणि इथून आपण प्रार्थना केली तर तिथं त्यांना उतार पडतो."

ठगूचा बाप्तिस्मा झाला नव्हता हे मी त्याला चार खेपा सांगितलंच नाही. पाचव्या खेपेला सांगितलं. तो फावड्यानं डोकं खाजवत बसला. शेवटी म्हणाला, "तिची इच्छा होती ना? मग झालं. पाणी देवाकडं पुष्कळ हाय."

दुसऱ्याच बाजारी मी तुला धरलं. तू लूकच्या शुभवर्तमानातला तो श्रीमंत आणि लाजर काढलास. श्रीमंत आगीत, भिकारी लाजर अब्राहामाच्या उराशी, आणि दोघांच्या मधे अशी मोठी दरी की कोणी ओलांडू शकत नाही. मी म्हटलं, मास्तर, तो श्रीमंत इकडून हाक मारतो, अब्राहाम तिकडून उत्तर देतो. बोलणं दरीपलीकडं जातं, मग प्रार्थनेचेच पाय मोडले का?

तू छत्री आपटलीस.

मग मी वधस्तंभावरचा चोर काढला, ज्याला प्रभूनं आजच माझ्याबरोबर सुखलोकात येशील म्हणून शब्द दिला. तू खूश झालास. "बघ! आजच! मधे थांबणं नाही!" म्हटलं, थांबणं राहू द्या बाजूला. त्या चोराला बाप्तिस्मा कोणी दिला? त्या टेकडीवर नदी होती की विहीर?

"ती खास बाब होती, दावीद."

"आनि मन्ही ठगू खास नही?"

तू खिशातलं घड्याळ काढलंस. अडलास की वेळ बघायची तुझी सवय, आणि ते घड्याळ बंद पडून सहा वर्षं झालेली.

तरी मी सोडलं नाही. पौल करिंथकरांना लिहितो की एखाद्याचं सगळं काम जळून जाईल, पण तो स्वतः वाचेल, आगीतून निघाल्यासारखा. ही आग कुठली? तू म्हणालास, ती उपमा आहे. पेत्र लिहितो की ख्रिस्तानं बंदीतल्या आत्म्यांना जाऊन उपदेश केला. ही बंदी कुठली? तू म्हणालास, ते वचन अवघड आहे. नरकाची लांबी-रुंदी मात्र तुला कधी अवघड गेली नाही! रोमन लोकांच्या शास्त्रात एक जास्तीचं पुस्तक आहे, त्यात लढाईत पडलेल्या शिपायांसाठी प्रार्थना केली आहे, असं मिंगेल सांगायचा. तू म्हणालास, "ते आपल्यात धरत नाहीत." मास्तर, मी शिंपी आहे. बेतताना कापड कोण वगळतो आणि का वगळतो, हे मला नको शिकवू.

आणि मग वाळवीनं तुझा पट खाल्ला. खायला साऱ्या पटावर तिला एकच जागा सापडली: बरोबर मधे, दोन रस्त्यांच्या मधोमध, हातभर भोक. वाळवीला शास्त्र तुझ्यापेक्षा जास्त कळतं, असं मी तेव्हाही म्हणालो होतो.

तू पट माझ्याकडं टाकलास. "साधं पांढरं कापड लाव." मी ठगूच्या लुगड्याचा पदर फाडला, हिरवा, लाल काठाचा, आणि तो लावला. तू आलास, पाहिलंस.

"हे काय?"

"कापड."

"पांढरं नव्हतं?"

"संपनं."

माझ्या पाठीमागं शेठचे पांढऱ्या मांजरपाटाचे ठाण छतापर्यंत रचलेले. तू ठाणांकडं पाहिलंस, माझ्याकडं पाहिलंस, पट गुंडाळलास आणि गेलास. मी पोट धरून हसलो. म्हटलं, हा माणूस बैल आहे. सहा महिने जे लुगडं डोळ्यांसमोर होतं ते ओळखलं नाही, आणि निघालाय माणसांचे आत्मे ओळखायला! तेव्हापासून चौदा वर्षं तू माझ्या बायकोला खांद्यावर घेऊन बाजारोबाजार हिंडलास. चिंचपाड्याला नेलंस, नवापूरला नेलंस. मी तिला एवढं कधी फिरवलं नव्हतं.

आणि गंमत अशी की ठिगळाला तुझ्याहून जास्त भाव आला. डोंगराकडची कोकणी जमातीची एक म्हातारी बाजाराला आली होती. तिनं ठिगळावर बोट ठेवलं. "हे हिरवं गाव कोणाचं?"

"आजी, ते गाव नाही. ठिगळ आहे."

"आग इकडं, बंगला तिकडं," ती म्हणाली. "आगीत आमची माणसं कशाला जातील? आणि बंगल्यात आम्हाला पट्टेवाला घेत नाही. आमची मेलेली इथंच बसली असतील."

तू ओरडलास, "मधे दरी आहे, आजी! मोठी दरी! तिथं कोणी थांबत नाही!"

म्हातारीनं मान डोलावली. "दरीतच तर गवत असतं."

असं म्हणून तिनं पानाच्या द्रोणातून मोहाच्या दारूचे दोन थेंब ठिगळावर शिंपडले. त्यांच्यात स्वतः पिण्याआधी मेलेल्यांना असेच देतात. पुढच्या बाजारी दहाजण आले, त्यापुढच्या बाजारी शंभर. मी म्हणतो हजार. तू शंभर धर. तू घसा फोडून नरक सांगतोयस आणि लोक शांतपणे मधे थेंब टाकून आपल्या आजा-पणजाला खुशाली सांगतायत. पटाला असा वास सुटला की शेठचा बैल नुसतं हुंगून दोन दिवस झिंगला. मिशनचे गोरे साहेब तपासणीला आले, त्यांनी नाकाला रुमाल लावला. "मास्तर, हा डाग कसला?" तू म्हणालास, "पावसाळ्यातली ओल, साहेब."

उभ्या जन्मात खोटं न बोललेला तू, तोंडानं चक्क खोटं बोललास. मला वाटलं, नोकरीला भ्यालास. मी तुला मनातल्या मनात भेकड म्हटलं. मनातल्या मनात कशाला, मोठ्यानंही म्हटलं.

आता तीन आठवड्यांपूर्वीचं सांगतो, कारण इथं तुझं उरलेलं सोंग गळून पडलं.

दुपारची वेळ. तू खोकत खोकत ओट्यावर चढलास. पट उलगडलास आणि खिशातून घोंगडीचा एक काळा तुकडा काढलास, तळहाताएवढा.

"दावीद, हे लाव."

"भोक कोठे शे?"

"लाव म्हटलं ना."

"मास्तर, भोक नही तठे ठिगळ लावनारा शिंपी मी नही."

तू खाली बसलास. म्हणालास, "आईची आहे. माळावर मेंढरं राखायची. मला मिशनच्या शाळेत सोडायला आली तेव्हा हीच पांघरून आली होती. मी पुष्कळ सांगितलं, पण बाप्तिस्मा नाही घेतला तिनं. शेवटपर्यंत बिरोबाचंच नाव."

पहिल्यांदाच तू मला तुझ्या आईविषयी सांगत होतास. तीस वर्षांत पहिल्यांदा. मी तुकडा हातात घेतला. विचारलं, "कोठे लावू?"

"तिच्या शेजारी."

मी मशीनचं चाक हातानं धरून थांबवलं. "कोनाना शेजारी?"

"तुला ठाऊक आहे. शीव."

मास्तर, पुस्तकातला माणूस असतो तर मी तिथं तुझ्या गळ्यात पडून रडलो असतो. मी रडलो नाही. माझी तळपायाची आग मस्तकाला गेली. म्हणजे तुला ठाऊक होतं! पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं! चौदा वर्षं तू ते लुगडं ओळखून खांद्यावर वाहिलंस, साहेबाशी तिच्यासाठी खोटं बोललास, आणि तरीही दर बाजारी तिच्याच अंगावर छत्री आपटून ओरडलास की इथं कोणी नाही! बैल परवडला रे. बैलाला कळत नसतं. तुला कळत होतं आणि तू गिळून बसलास. स्वतःच्या आईची वेळ आली तेव्हा तुझ्या शास्त्रात बरोबर घोंगडीच्या मापाची जागा निघाली. माझ्या ठगूसाठी तुला एक ओळ निघाली नाही.

मी घोंगडी शिवली. तीन सुया मोडल्या. तुझी आई तुझ्यासारखीच चिवट. शिवून झालं आणि मी म्हटलं, "आते ठगूसाठी प्रार्थना म्हना. आठेच. आत्ते."

तू तोंड उघडलंस. मी पाहिलं, ओठ हलले. पण ओट्यासमोर शेठ उभा, शेठचं गिऱ्हाईक उभं, आणि तुझी तीस वर्षांची पत तिथंच चिंचेखाली उभी. तू पट गुंडाळलास.

"पुढच्या बाजारी म्हणतो, दावीद. नक्की."

पुढच्या नाताळाला. पुढच्या बाजारी. तुझं सगळं पुढं! दुसऱ्या दिवशी तू अंथरूण धरलंस. मी भेटायला आलो तर खाटेभोवती मंडळी बसून गाणी म्हणत होती, आणि तू माझ्याकडं नुसता बघत राहिलास. काय बघत होतास? मी तोंडाशी वाकलो होतो, मास्तर. एवढा मोठा आवाज तुझा, इंजिन बुजवणारा. तेव्हा कुठं मेला होता तो?

काल नवे पाळकसाहेब पट घेऊन आले. बूट पॉलिश केलेले, बोलणं त्याहून पॉलिश केलेलं. म्हणाले, "शिंपीबुवा, ही दोन्ही ठिगळं उसवा आणि स्वच्छ पांढरं कापड लावा. लोकांचा गैरसमज होतो."

मी हात जोडले. म्हटलं, "लावतो ना, साहेब. पन पांढरं संपनं."

त्यांनी माझ्या मागच्या ठाणांकडं पाहिलं. पण त्यांच्यात तुझी अक्कल नाही. ते चिडले. बाजारच्या दिवशी पट तयार पाहिजे म्हणून बजावून गेले.

तयार आहे. दोन्ही ठिगळं जागेवर आहेत, आणि आज सकाळी मी तिसरं लावलं. तुझा काळा कोट मीच शिवला होता. त्याची कातरण माझ्या पेटीत पडून होती. ज्या कोटात तुला पुरलं, त्याच ठाणातली. तुझ्या बाप्तिस्म्याचा दाखला चोख आहे, मला माहीत आहे. कलेक्टरच्या बंगल्यावरचा पट्टेवाला तुला बघून सलाम ठोकेल. पण मी तुला तिथं सरळ पोचू देणार नाही. पाळकसाहेबांनी पट फाडला, जाळला, मला मंडळीतून काढलं, तरी शिवण माझी आहे. ती तुझ्या नव्या पाळकाच्या नखानं उसवत नाही.

तू मधे बसायचंस. एका बाजूला तुझी माय, मेंढराच्या वासाची. दुसऱ्या बाजूला ठगू. छत्री नेऊ नकोस. मी इथून तुझ्यासाठी प्रार्थना म्हणतोय, रोज, मशीन चालवता चालवता, मोठ्यानं, शेठच्या गिऱ्हाइकांसमोर. म्हणायला काही कष्ट पडत नाहीत, मास्तर. ओठ हलवायचे, बस्स.

आणि तुझी राहिलेली ती प्रार्थनेची ओळ तिच्यासमोर म्हण. ती लगेच ऐकून घेणार नाही, मी ओळखतो तिला. पदर खोचून आधी तुझीच परीक्षा घेईल. विचारेल, "मास्तर, शबद देईसन जो न पाळता मरी गया, तो कोठे शे?"

माहीत नाही म्हणू नकोस. पटावर बघ. शिकवलंस तू.